गुण कुणाला येतो, कुणाला नाही? दम्याचं औषध, आपली जनुकं आणि आपलं सोलापूर

 

आपल्याकडं औषध 'लागू पडतं' आणि डॉक्टरचा 'गुण येतो'. 'अमक्या डॉक्टरांचा मला गुण येतो', 'त्याच गोळीनं शेजारणीचा दमा बसला, मला मात्र काही गुण नाही' ही वाक्यं सोलापुरात कुठल्याही दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर ऐकू येतील. आरोग्य शिबिरांच्या बातम्या करताना मीही ती शेकडो वेळा ऐकली. एकाच औषधाचा एकाला गुण आणि दुसऱ्याला नाही, असं का होतं? आपले जुने लोक म्हणायचे, व्यक्ती तितक्या प्रकृती. आजचं विज्ञान म्हणतं, जनुकांमधला फरक. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण दोन्ही अर्धी आहेत. उरलेल्या अर्ध्या भागाशी आपल्या गावाचा फार जवळचा संबंध आहे. म्हणून हा इतिहास.

सोलापूरची छाती कशानं भरली, तिथून सुरू करू. १८७७ साली इथं सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली, तीच आपली 'जुनी गिरणी'. मागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी आल्या. गिरणीत पगार होता आणि कापसाची पूडही होती. सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते, या त्रासाला जगभर बिसिनोसिस म्हणतात. गिरण्या बंद पडल्या. पूर्व भागातल्या घराघरांत सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांच्या नाकात तंबाखूची पूड मात्र आजही जाते. आता गंमत बघा. एकाच खात्यात तीस वर्षं काढलेल्या दोघांपैकी एक धाप लागून घरी बसतो आणि दुसरा सत्तरीत हिप्परग्याच्या तलावापर्यंत सायकल मारतो. एकाच घरात तेच सूप, तोच तंबाखू, पण सून शिंकून बेजार आणि सासू ठणठणीत. पूड तीच असली तरी माणसं वेगळी.

हा फरक का, हे कळण्याच्या कितीतरी आधीपासून माणूस दम्यावर औषध शोधतोय. त्यातलं एक आपल्या बांधावरच उगवतं, ते म्हणजे धोतरा. त्याचा धूर ओढायची रीत आपल्या देशात जुनी. मद्रासचे फिजिशियन जनरल जेम्स अँडरसन यांना ती कळली आणि १८०२ साली जनरल जेंट नावाच्या अधिकाऱ्यानं ती ब्रिटनला नेली. पुढं शंभरहून अधिक वर्षं युरोप-अमेरिकेत धोतऱ्याच्या जातीतल्या पानांच्या 'दम्याच्या सिगारेटी' औषध दुकानात विकल्या जात होत्या. आज पंपातून मिळणारं इप्राट्रोपियम हे त्याच झाडांत सापडणाऱ्या अ‍ॅट्रोपिनचं सुधारलेलं रूप. (धोतरा विषारी आहे. कृपा करून घरी प्रयोग करू नका.)

दुसरं उदाहरण हैदराबादचं. दरवर्षी मृग लागला की बत्तिनी घराण्याचा मासळीचा प्रसाद घ्यायला हजारो लोक तिथं जातात. जिवंत मरळीच्या छोट्या पिल्लाच्या तोंडात पिवळा लगदा भरून ते गिळायचं. ही प्रथा १८४५ पासूनची, असं ते घराणं सांगतं. कुणाच्या श्रद्धेला हात घालायचा नाही. एवढंच सांगतो की दमा स्वतःच चढ-उतार करणारा आजार आहे. धूळ कमी झाली, हवा बदलली, पोर वयात आलं की तो कधी कधी आपोआपच उतरतो. त्या उतारावर जे औषध चालू असेल त्याच्या नावावर 'गुण' लागतो. ज्याला लागू पडलं तो गावभर सांगतो आणि ज्याला पडलं नाही तो गप्प बसतो. म्हणून दम्याच्या बाबतीत शेजाऱ्याच्या अनुभवावर औषध ठरवणं सगळ्यात धोक्याचं.

आजार घराण्यात चालतो हे मात्र लोकांना फार आधी दिसलं होतं. लंडनचे डॉ. हेन्री हाइड सॉल्टर स्वतः दमेकरी होते. १८६० साली त्यांनी दम्यावर पुस्तक लिहिलं, त्यात घराण्याचा मुद्दा आहे. (कडक कॉफी प्या, असाही त्यांचा सल्ला होता. तो अगदीच चुकीचा नव्हता, कारण कॉफीतलं कॅफिन हे थिओफायलिनचं भावंड.) 'अ‍ॅलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी काढला. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कुक आणि व्हँडर व्हीर या दोघांनी शेकडो रुग्णांचे घराणेच तपासले आणि अ‍ॅलर्जीकडे असलेला कल आई-बापाकडून येतो असं मांडलं. लक्षात ठेवा, येतो तो कल. मुलाला आणि बापाला एकाच गोष्टीची अ‍ॅलर्जी असेल असं नाही.

याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यात एक नवंच गवत दिसलं. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानतात. हेच आपलं गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत. काही वर्षांत पुण्याच्या त्वचारोग दवाखान्यांत चेहरा-मान-हात सोललेले शेतकरी आणि मजूर येऊ लागले आणि तिथल्या डॉक्टरांनी हा आजार जगापुढं मांडला. या गवताची पिढ्यान् पिढ्यांची ओळख आपल्याकडं कुणालाच नव्हती, म्हणजे 'या गवताचा आजार' कुणाच्या रक्तात आधीपासून असणं शक्यच नव्हतं. तरी एकाच बांधावर खुरपणाऱ्या दहा जणांपैकी एखाद्यालाच तो झाला. कल रक्तातून आला आणि कारण बाहेरून. दोन्ही भेटले तेव्हा आजार उभा राहिला.

आता पंपाकडं येऊ. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये आयसोप्रेनालिनचे पंप सर्रास मिळू लागले. एक झटका मारला की श्वास मोकळा. पण त्याच काळात दम्यानं मरणाऱ्यांची, त्यातही तरुणांची, संख्या भयानक वाढली. औषध हृदयावरही काम करायचं, हे एक. दुसरं त्याहून महत्त्वाचं. पंपानं तात्पुरतं बरं वाटायचं आणि आतली सूज वाढतच राहायची. रुग्ण दवाखान्यात पोचायचा तेव्हा उशीर झालेला असायचा.

मग १९६९ साली सॅल्ब्युटामॉल बाजारात आलं. डेव्हिड जॅक यांच्या चमूनं ते असं बनवलं होतं की हृदयापेक्षा श्वासनळीवर जास्त काम करावं. १९७२ साली स्टेरॉईडचा पंप आला. तो झटक्यात आराम देत नाही, पण सूज उतरवतो. भारतात सिप्लानं १९७६ साली दम्याचे पंप आणले. आजची जवळपास सगळी उपचारपद्धती या दोन खांबांवर उभी आहे: एक औषध नळी उघडणारं आणि दुसरं सूज उतरवणारं. आपल्या लोकांना पहिलं प्रिय आहे, कारण त्याचा गुण लगेच दिसतो. दुसरं 'स्टेरॉईड आहे, सवय लागेल' म्हणून आठ दिवसांत बंद होतं.

जनुकांची गोष्ट इथं सुरू होते. सॅल्ब्युटामॉल ही किल्ली धरली, तर ती ज्या कुलपात बसते ते श्वासनळीच्या स्नायूवर असतं. त्याला बीटा-२ रिसेप्टर म्हणतात. १९८६-८७ च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेत या कुलपाचं जनुक हाती लागलं. पुढं लेफ्कोविट्झ आणि त्यांचे तेव्हाचे सहकारी ब्रायन कोबिल्का यांना या रिसेप्टरांवरच्या कामासाठी २०१२ चं नोबेल मिळालं. १९९३ साली आणखी एक गोष्ट कळली: हे कुलूप सगळ्यांचं सारखं नसतं. प्रथिनाच्या साखळीत १६ व्या जागी कुणाकडं आर्जिनिन असतं, कुणाकडं ग्लायसिन. एका अक्षराचा फरक.

आनंदीआनंद झाला. आता रक्त तपासायचं आणि कुणाला कुठला पंप ते ठरवायचं, असं वाटू लागलं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास आला. आई आणि बाप दोघांकडून आर्जिनिनचा प्रकार आलेल्या सौम्य दमेकऱ्यांनी रोज नियमानं सॅल्ब्युटामॉल घेतलं, तर त्यांचा श्वास सुधारण्याऐवजी मागं राहत होता. ग्लायसिनवाल्यांचं तसं होत नव्हतं.

त्याच सुमारास सॅल्मेटेरॉल या लांब पल्ल्याच्या औषधाचा अमेरिकेतला प्रचंड अभ्यास २००३ मध्ये मध्येच थांबवला गेला. २६ हजारांहून जास्त लोक त्यात होते. औषध घेणाऱ्या गटात दम्यानं १३ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात ३. आफ्रिकन-अमेरिकन लोकांत धोका जास्त दिसला. लगेच चर्चा सुरू झाली की त्यांच्या जनुकातच काही असेल का?

मला या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं पान हेच वाटतं. कारण नीट बघितल्यावर दिसलं की त्या अभ्यासातल्या आफ्रिकन-अमेरिकन रुग्णांकडं सूज उतरवणारा स्टेरॉईडचा पंप गोऱ्या रुग्णांपेक्षा कमी प्रमाणात होता. आणि २००९ साली 'लॅन्सेट'मध्येच दुसरा अभ्यास आला. त्यात दोन्ही प्रकारच्या जनुकांच्या लोकांना सॅल्मेटेरॉलसोबत स्टेरॉईडचा पंप दिला, तेव्हा दोघांत फरक उरला नाही. पुढं मोठ्या चाचण्यांमध्येही ही जोडी सुरक्षित ठरली आणि २०१७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जोड-पंपांवरचा ठळक इशारा काढून टाकला.

म्हणजे ज्याचं खापर आपण रक्तावर फोडायला निघालो होतो, त्यातला मोठा भाग अर्धवट उपचाराचा होता. २०१९ साली 'गिना' या जागतिक दमा मार्गदर्शक संस्थेनं स्पष्ट सांगितलं की नुसता सॅल्ब्युटामॉलचा पंप हा दम्याचा उपचार नव्हे, सोबत सूज उतरवणारं औषध हवंच.

मग जनुकांचं सगळं खोटं का? मुळीच नाही. काही ठिकाणी एक जनुक खरंच जीवन-मरण ठरवतं. फिट्सवर दिली जाणारी कार्बामॅझेपिनची गोळी घ्या. क्वचित एखाद्याला तिची भयंकर रिअ‍ॅक्शन येते, अंगाची साल निघते. २००४ साली तैवानच्या डॉक्टरांनी तिचा संबंध एचएलए-बी १५०२ या जनुकप्रकाराशी जोडला. २००९ साली आपल्या देशातल्या अशा ८ रुग्णांचा अभ्यास छापून आला, त्यातल्या ६ जणांत हाच प्रकार सापडला. औषधाच्या अ‍ॅलर्जीत जनुक तपासणी खरोखर उपयोगी पडते, ती अशी.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारच्या तेलंगण-आंध्रातलं. तिथल्या वैश्य समाजात एका विकराची कमतरता इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त आढळते. अशा माणसाला ऑपरेशनच्या वेळी भुलीसोबत स्नायू सैल करणारं एक विशिष्ट औषध दिलं, तर ते उतरायला फार वेळ लागतो आणि श्वास बंद राहू शकतो. कारण साधं आहे: शेकडो वर्षं आपापसात लग्नं. यात कुणाला कमीपणा नाही, आपण बहुतेक सगळे तेच करत आलो. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर २०१७ साली दाखवलं की त्यांनी तपासलेल्या अडीचशेहून जास्त दक्षिण आशियाई समाजांपैकी ८१ समाजांत अशी खूण ठळक आहे. तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू अशा चार भाषा बोलणाऱ्या आपल्या गावात किती वेगवेगळी रक्तं एकाच बसस्टॉपवर उभी असतात, जरा विचार करा.

पुण्यातही काम झालं. पुणे विद्यापीठाच्या डॉ. भूषण पटवर्धन यांच्या चमूनं २००५ साली वात-पित्त-कफ प्रकृती आणि एचएलए जनुकं यांचा ताळा घालून पाहिला. २०११ साली औषध पचवणाऱ्या एका विकराचं जनुक आणि प्रकृती यांचा संबंध त्यांनी तपासला. दिशा विचार करायला लावणारी आहे. पण या अभ्यासांवरून 'तुमची कफ प्रकृती, म्हणून हा पंप' असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. तिथवर विज्ञान पोचलेलं नाही.

दम्यात जनुकांचं काम असं एकाच्या हातात नाही. २००७ साली १७ व्या गुणसूत्रावरच्या ओआरएमडीएल-३ या जनुकाच्या परिसराचा संबंध लहानपणीच्या दम्याशी जोडला गेला. २०११ साली स्टेरॉईडच्या पंपाला कमी प्रतिसाद मिळण्याशी जोडलेलं एक जनुक सापडलं. प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा. आणि २००८ चा फ्रेंच कुटुंबांवरचा अभ्यास तर आपण भिंतीवर लावावा असा आहे. १७ व्या गुणसूत्रावरचा तोच धोक्याचा प्रकार ज्या मुलांकडं होता आणि ज्यांच्या लहानपणी घरात तंबाखूचा धूर होता, त्यांच्यात लवकर सुरू होणाऱ्या दम्याचा धोका आणखी वाढलेला दिसला. जनुक बदलता येत नाही. घरातली विडी-सिगारेट विझवता येते.

विडीचं आणखी एक. आपल्याकडं अजून सर्रास दिल्या जाणाऱ्या डेरिफायलिनसारख्या गोळ्यांत थिओफायलिन असतं. ते यकृतातलं एक विकर पचवतं. त्याचा वेग माणसागणिक वेगळा असतो आणि धूम्रपानानं तो वाढतो. म्हणून विडी ओढणाऱ्याला बसलेला डोस त्यानं विडी सोडल्यावर जास्त होऊ शकतो. उलट्या, धडधड, त्याहूनही गंभीर. विडी सोडलीत तर फार छान, पण डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि आज मोठ्या शहरांत जे 'ज्याचं त्याला औषध' मिळतं, ते कशावरून ठरतं? बहुतेक वेळा जनुकावरून नव्हे, रक्तातल्या इओसिनोफिल पेशी आणि आयजीई मोजून. त्यावरून गंभीर दम्यात ओमालिझुमॅबसारखी इंजेक्शनं देतात. ती गुणकारी आहेत, पण विड्या वळून चालणाऱ्या घराला परवडणारी नाहीत. म्हणून कुणी दम्यासाठी महागडी डीएनए टेस्ट गळ्यात मारत असेल, तर आधी एक प्रश्न विचारा: 'या रिपोर्टनं माझं औषध नेमकं काय बदलणार आहे?'

आता आपल्या गावाचं. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा ४० टक्क्यांच्या वर मानला जातो. आपली जनुकं इतकी वाईट आहेत का? हा इतिहास वाचल्यावर मला तसं वाटत नाही. पंप लपवला जातो. लग्नाच्या पोरीच्या पर्समधला तर आधी लपवला जातो. सूज उतरवणारं औषध मध्येच सुटतं. पूड आणि धूर तसाच राहतो. आणि शेवटी 'आमच्या घराण्यातच आहे, दमा दमाबरोबरच जायचा' असं म्हणून हात टेकले जातात. घराण्यात आहे, हे कळणं म्हणजे लवकर सावध व्हायची संधी. तिला आपण नशीब म्हणून टाकलं.

म्हणून माझ्या दोन मागण्या. सॅल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइडचे पंप राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. ते आपल्या महापालिकेच्या दवाखान्यांत आणि तालुक्यांच्या आरोग्य केंद्रांत वर्षभर मिळतात का, याचा हिशेब नगरसेवकांनी आणि जिल्हा परिषद सदस्यांनी जाहीर मागावा. औषध संपलं की रुग्ण स्वस्त गोळीवर जातो आणि पुन्हा धापेवर येतो. दुसरं, जानेवारी २०२५ मध्ये जिनोम इंडिया प्रकल्पाची सुमारे १० हजार भारतीयांची माहिती संशोधकांसाठी खुली झाली. दम्याच्या औषधांवरचे मोठे अभ्यास बहुतेक गोऱ्या लोकांवर झालेत. आता आपल्या विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या फुफ्फुसांचा, त्यांच्या पुडीचा आणि त्यांच्या जनुकांचा एकत्र अभ्यास व्हावा. त्यासाठी मुंबई-दिल्लीची वाट कशाला? १९६३ पासूनचं वैद्यकीय महाविद्यालय आपल्या गावात आहे.

तोवर घरातल्या दमेकऱ्याला एवढंच विचारा: तुझ्याकडं पंप कुठला आहे, नुसता नळी उघडणारा की सूज उतरवणारासुद्धा? उत्तर येत नसेल, तर उद्या सकाळी त्याच्यासोबत दवाखान्यात जा.